संगणकात गेम चालेना म्हणून

परळच्या चाळीत राहणाऱ्या आमच्या धाकट्या बहिणीने २०२५ सालच्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून एक जुना संगणक घेतला. मेहुणे महापालिकेत चतुर्थ श्रेणीत, बहीण घरी पोळीभाजीचे डबे करते, मुलगा नववीला. भिशीचे पैसे आणि बोनसमधले थोडे असे मिळून साडेनऊ हजारांत पडद्यासकट काम झाले. कुठल्याशा कचेरीतून निघालेला, पण पुसूनपासून ठेवलेला. घरात टेबलाला जागा नाही, म्हणून शिलाई मशीनवर फळी टाकून तो मांडला. गॅलरीतली सगळी पोरे बघायला आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्हांला फोन आला, "दादा, ह्याच्यात म्हणे गेमच चालत नाही. पोरगा कालपासून जेवला नाही."

साडेनऊ हजार रुपये म्हणजे बहिणीच्या किती डब्यांची कमाई, हा हिशेब आम्हांला ठाऊक आहे. रविवारी सकाळी आम्ही परळला गेलो. भाचा तोंड पाडून बसला होता. म्हणाला, "मामा, दुकानवाल्यानं फसवलं. विंडोज नाही दिलं, लिनक्स टाकलंय. मित्र हसतात."

ज्या वाचकांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. संगणक सुरू झाल्यावर पडद्यापासून कीबोर्डपर्यंत सगळ्याचा कारभार जी मूळ प्रणाली पाहते ती बहुतेकांच्या ओळखीची म्हणजे विंडोज. एमएस-सीआयटीच्या वर्गात आपल्या मुलामुलींनी तीच पाहिली. ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची, पैसे मोजून घ्यायची. लिनक्स हे तेच काम करते, पण त्याला दाम पडत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाने अशाच मोकळ्या प्रणालीचे काम हाती घेतले होते. दोन्हींची सांगड बसली. त्यांच्या परवान्याचे कलम आम्हांला फार आवडते: कोणीही घ्यावे, वापरावे, आतली रचना उघडून पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. मात्र पुढे देताना जो हक्क तुम्हाला मिळाला तोच त्यालाही द्यावा लागेल.

तेव्हा दुकानदाराने फसवले असे आम्हांला वाटले नाही. विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती पुरवणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घालून देणे हा सरळ व्यवहार झाला. आमची तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. भाच्याने दुकानात फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आले, "सातशे रुपये दे, विंडोज मारून देतो, गेम पण टाकून देतो." पावती नाही, परवाना नाही. म्हणजे चोरीची प्रत. सगळेच वापरतात, त्यात काय, असे पुष्कळ जण म्हणतील. पण ज्या यंत्रावर मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, जातीचा दाखला आणि आधारची प्रत ठेवायची, बापाच्या बँकेचा पासवर्ड टाकायचा, त्यात कुणी फोडलेला गेम आणि कुणी फोडलेली प्रणाली घालायची, हे आमच्या मनाला पटेना. फोडणारा फुकट का वाटतो, एवढे तरी आपण विचारावे की नाही?

भाच्याला आम्ही म्हटले, जेव आधी, मग बघू काय चालते आणि काय नाही. दुपारभर बसलो. आम्ही काही या विद्येतले पंडित नव्हे, पण दादरला राहणारा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आमच्या परिचयाचा आहे, त्याला बोलावून घेतले. त्याने पाच मिनिटांत सांगितले की मोठे गेम चालत नाहीत याचे निम्मे कारण लिनक्स नव्हेच. या यंत्रात ग्राफिक कार्ड नाही. कचेरीत पत्रे टाइप करायचे यंत्र ते, त्यावर आजचे भारी गेम विंडोज घालूनही अडखळलेच असते. म्हणजे सातशे रुपये जाऊनही पोरगा जेवला नसता. ही गोष्ट कोणताही विकणारा आपण होऊन सांगत नाही.

उरलेले निम्मे कारण मात्र खरे आहे. लिनक्सवर खेळ नाहीत ही तक्रार फार जुनी. 'डूम' हा बंदुकीचा गाजलेला खेळ १९९३ सालचा, तो १९९४ मध्ये लिनक्सवर आला होता. १९९८ साली लोकी नावाची कंपनी केवळ लिनक्ससाठी गेम करून विकायला निघाली, आणि २००२ च्या सुरुवातीला तिला टाळे लागले. घेणारे थोडे, म्हणून करणारे थोडे. करणारे थोडे, म्हणून घेणारे थोडे. गिरणगावातल्या वाचकांना हा फेरा समजावून सांगायला नको.

मार्ग काढला तो दुसऱ्याच लोकांनी. विंडोजसाठी लिहिलेला कार्यक्रम लिनक्सवर चालावा म्हणून १९९३ पासून 'वाइन' नावाचे काम सुरू आहे. ते दुभाष्यासारखे आहे: गेम विंडोजच्या भाषेत काही मागतो, वाइन ते लिनक्सच्या भाषेत सांगून आणून देते. मग फिलिप रेबोले या माणसाला 'नीअर ऑटोमाटा' हा एक गेम आपल्या लिनक्सवर खेळायचा होता, तो नीट चालेना, म्हणून त्याने चित्रांच्या भागाचा दुभाष्या लिहायला घेतला. त्याचे नाव डीएक्सव्हीके. हट्टापायी केलेले हे काम पुढे जगभर उपयोगी पडले. स्टीम हे गेमचे मोठे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये ते दुकान लिनक्सवर आणले, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये वाइन, डीएक्सव्हीके व आणखी काही एकत्र करून 'प्रोटॉन' दिले. २०२२ मध्ये त्याच कंपनीने हातात धरून खेळायचे स्टीम डेक हे यंत्र काढले, त्याच्या आत लिनक्सच आहे. आज विंडोजसाठी बनलेले हजारो गेम असे चालतात. 'काउंटर-स्ट्राइक', ज्याच्यापायी आपल्याकडच्या सायबर कॅफेंत एक पिढी बसून राहिली, त्याचा आजचा दुसरा भाग तर थेट लिनक्ससाठीही आहे. फक्त यंत्र चांगले हवे.

मग अडते कुठे? भाच्याच्या मित्रांचा जो गेम होता तिथेच नेमके. एकमेकांशी इंटरनेटवरून लढायचे जे खेळ आहेत, त्यांत लबाडी फार होते. ती पकडण्यासाठी कंपन्या एक पहारेकरी ठेवतात, आणि काही पहारेकरी संगणकाच्या अगदी गाभ्यात जाऊन बसतात. 'व्हॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही, 'फोर्टनाइट' चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे जे चालत होते तेही बंद झाले: 'लीग ऑफ लेजंड्स' २०२४ मध्ये हा पहारेकरी आल्यावर बंद, 'एपेक्स लेजंड्स' त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर बंद. ज्यांनी पैसे आणि वर्षे घातली होती ते एका रात्रीत बाहेर.

हे सांगताना दादरचा तो विद्यार्थी तापला. म्हणाला, "आम्हा लिनक्सवाल्यांना हे लोक अस्पृश्यासारखं वागवतात."

आम्ही त्याला तिथेच थांबवले. मुलगा गुणी आहे, पण हा शब्द असा वापरायचा नसतो. त्याला सांगितले, बाळ, तुझ्या पणजोबांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते तेव्हा त्यांना सातशे रुपये भरून दुसरा जन्म घालून घेता येत नव्हता. तुला उद्या वाटले तर तू विंडोज घालून आत जाशील, कोणी तुझे नावगाव विचारणार नाही. तो ओशाळला. बहीण आतून चहा घेऊन येत होती, तीही क्षणभर उभी राहिली. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

पण त्याचा राग उतरल्यावर जे उरले ते रास्त आहे, असेही आमचे मत आहे. कंपन्यांची अडचण खोटी नाही. लिनक्स उघडे असल्याने गाभ्यातला पहारा तिथे राखणे त्यांना अवघड जाते, आणि लबाड गडी सगळ्यांचा खेळ नासवतो हे आपल्याला कॅरमच्या बोर्डावरूनही माहीत आहे. परंतु खेळायला बोलावताना 'तुझ्या घराची किल्ली दे, आमचा माणूस माजघरात बसेल' अशी अट घालणे, आणि जो किल्ली देणार नाही त्याला लबाड धरणे, हे बरोबर नाही. विंडोजवाल्यांनी किल्ली दिली आहे, बहुतेकांना दिल्याचे ठाऊकही नाही. आमच्या बहिणीच्या घरी एकच संगणक आहे. त्यावर दाखले आणि बँक आणि अभ्यास आणि खेळ सगळे आहे. अशा घरी ही अट जास्त महाग पडते. ज्यांच्याकडे खेळाचे यंत्र निराळे आणि कामाचे निराळे, त्यांना हा प्रश्नच येत नाही.

भाच्याचे दुःख मात्र या युक्तिवादाने कमी होत नव्हते, हे आम्ही लपवत नाही. त्याला गेम नको होता, गडी हवे होते. संध्याकाळी सगळी पोरे एका खेळात जमतात, तिथे हा नाही. लिनक्सची बाजू घेणारे मोठमोठे लोक हा मुद्दा उडवून लावतात, फुकटचे दुसरे शंभर गेम मोजून दाखवतात. शंभर गेम आणि खेळायला एकटा, याला काय करायचे?

यावर घरात तोड निघाली ती बहिणीची. लालबागला ज्या मित्राकडे चांगले यंत्र आहे, तिथे रविवारी दोन तास त्याच्या आईच्या देखत खेळायचे. घरचा संगणक आहे तसा राहील. आम्ही सुचवले होते की एकाच यंत्रात लिनक्स आणि परवान्याचे विंडोज दोन्ही नांदू शकतात. पण परवान्याचा भाव ऐकून मेहुण्यांनी हात जोडले.

घरच्या यंत्रावर मग काय चालते, तेही पाहिले. मोटारींच्या शर्यतीचा 'सुपरटक्सकार्ट' झकास चालतो. धाकटीसाठी 'जीकॉम्प्री' घातले, त्यात अक्षरे, आकडे, घड्याळ असे खेळातून आहे. केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षे लिनक्सच आहे, आणि तिथल्या पहिली ते चौथीच्या संगणकाच्या पुस्तकाचे नावच 'कळिप्पेट्टी', म्हणजे खेळण्यांची पेटी. तिथे गरिबाच्या मुलाला लिनक्स मिळाले म्हणून कोणी हसत नसावे, कारण सगळ्यांनाच तेच मिळते. आणखी एक सोय म्हणजे या फुकटच्या खेळांत बंदुकीला रंग लावायचे पैसे मागत नाहीत, रमी लावायला बोलावत नाहीत. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. त्याआधी किती पगार त्यात बुडाले, ते चाळीचाळीतून विचारावे.

संगणक घेणाऱ्या आमच्या वाचकांना एवढेच सांगणे की पैसे देण्याआधी मुलाला कोणता गेम हवा ते विचारून घ्या, आणि ग्राफिक कार्ड आहे का ते दुकानात उभे राहूनच विचारा. लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते, आत काही घालावे लागत नाही. आणि मुलगा लिनक्सला नावे ठेवत असेल तर त्याचा मोबाइल हातात घ्या. अँड्रॉइड असेल तर त्याच्या गाभ्यात लिनक्सच आहे. भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने फोन उलटासुलटा करून पाहिला.

त्या दुपारी शेवटी घातला तो '०ए.डी.' नावाचा खेळ. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला, फुकट, आतली रचना उघडी. प्राचीन राज्ये उभारायची, शेती, घरे, सैन्य. त्यात रोम आहे, इराण आहे आणि मौर्यही आहेत. मौर्य निवडले की हत्ती लाकडे वाहतात, अशोकाचे स्तंभ उभारता येतात आणि सम्राट अशोक स्वतः वीर म्हणून मिळतो. गॅलरीतली पोरे एकदम आत घुसली. सैन्य फार वाढले की यंत्र दमते, पण पोरांना त्याचे काही वाटले नाही.

पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, अशोकानं तर लढाई सोडली होती ना? मग हा का लढतोय?" आम्ही म्हटले, हा कलिंगाच्या आधीचा असेल. तो म्हणाला, "कलिंग शोधलं मी. ह्यात कलिंगच नाही." आम्ही काय बोलणार. मग सांगू लागला की दादरच्या दादाने त्याला खेळाच्या आतल्या फायली उघडून दाखवल्या आहेत, त्यातले आकडे बदलले की हत्ती जोरात चालतो, आणि नवे राज्यही घालता येते म्हणतात, पण त्याला घरे कशी होती, माणसे काय नेसत, काय पिकवत, हे सगळे माहीत असावे लागते. कलिंगावरचे एखादे मराठी पुस्तक मिळेल का, असे त्याने विचारले आहे. दादरला शोधतो आहोत.