उकळूनही न जाणारे विष

पाणी उकळले म्हणजे काळजी मिटली, असे आपण समजतो. जंतूंपुरते ते खरे. पण शिसे उकळून जात नाही. पाणी आटते, शिसे भांड्यातच राहते.

अमेरिकेतील फ्लिंट हे कामगारांचे शहर. निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी तेथे नदीचे पाणी नळाला सोडले. नळ आतून गंजू नयेत म्हणून घालायचे औषध मात्र घातले नाही. जुन्या घरांच्या शिशाच्या नळांतून विष उतरू लागले. आया गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेल्या. ‘पाणी चांगले आहे,’ हेच उत्तर मिळाले. २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे मांडले, तेव्हा कुठे सरकार हलले. पुढे जमीन खणून शिशाचे नळ काढले, तांब्याचे घातले. पण शिशाने मुलांच्या मेंदूची केलेली हानी भरून येत नाही.

आपल्याकडे प्लास्टिकच्या पाइपांतील शिशाविरुद्ध २०२१ मध्ये नियम झाले. म्हणून आम्ही सांगतो, नवा पाइप शिसेविरहित आहे का, हे विचारूनच घ्या. आणि पाण्याची तक्रार नुसती तोंडी करू नका. नमुना तपासून घ्या, अहवाल हाती ठेवा. गरिबाचा शब्द उडवून लावता येतो. कागद उडवून लावणे जड जाते.