दहा बाय दहा

चौरस खोलीला वास्तुशास्त्रवाले शुभ म्हणतात. म्हणोत बापडे! अशा खोलीत त्यांनी कधी तबला ऐकलेला दिसत नाही.

मुलुंडची आमची बाहेरची खोली दहा बाय दहा. गेल्या दिवाळीत दोन स्पीकर आणले आणि जागा अडू नये म्हणून समोरच्या दोन कोपऱ्यांत बसवले. नानांची आरामखुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "अरे, तानपुरा कुठे गेला? नुसता डग्गाच घुमतोय." त्यांना उजव्या कानाने जरा कमी येते. "नाना, तो कानाचा दोष," असे मी बोलून गेलो. ते काही बोलले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून गाणे लागले की उठून आत जाऊ लागले.

मग मी पुस्तके उघडली. हार्वर्डमध्ये १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तिथे शब्दांत शब्द मिसळून काही कळतच नसे. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून मोजमापे घेतली. (माझ्या वर्गात शब्द मागच्या बाकापर्यंत पोचला नाही तरी कोणाची तक्रार नसते.) मीही भिंतीवर गोधडी टांगली. झांजेचा कर्कशपणा गेला. डग्गा मात्र ढिम्म! पातळ कापड उंच स्वर पिते, खर्जाला ते दाद देत नाही.

खरा घोळ चौरसाचा. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा स्वर, आणि त्याच्या दुपटी-तिपटीही, अडकून घुमतात. लांबी-रुंदी वेगळी असली तर दोन्ही दिशांचे घुमणे वेगवेगळ्या स्वरांवर वाटले जाते. इथे दोन्ही एकाच स्वरावर येऊन बसतात. हा घुमारा भिंतीशी आणि कोपऱ्यात सर्वांत जोरदार. म्हणजे स्पीकर कोपऱ्यात, नाना भिंतीशी: दोन्ही चुका माझ्याच! बरे, खोलीच्या नेमक्या मध्यावर बसावे, तर तिथे तोच ५६चा स्वर जवळजवळ नाहीसा होतो.

मोजपट्टी घेतली. स्पीकर समोरच्या भिंतीपासून दोन फूट, बाजूच्या भिंतींपासून अडीच. म्हणजे एकमेकांत पाच फूट. खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेतीन फूट पुढे. कान आणि दोन स्पीकर यांचा त्रिकोण तिन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा झाला. स्पीकरची तोंडे किंचित आत वळवली, उंची नानांच्या कानाएवढी ठेवली. त्यासाठी शब्दकोशाचे खंड खाली घातले. माझ्या घरात त्यांचा इतका उपयोग आजवर झाला नव्हता.

खुर्ची आता स्वयंपाकघराच्या वाटेत येते. सौभाग्यवतींनी नऊ ते दहा वाट सोडायचे कबूल केले, तेही "नानांसाठी, तुमच्यासाठी नव्हे" असे बजावून.

रात्री नानांना हाताला धरून आणून बसवले. भीमसेन लावले. नाना डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"नाना, चूक माझी होती," मी म्हटले.

"गप्प बस," ते म्हणाले, "तानपुरा ऐकू दे."