आधी पाहा, मग बोला!

गेल्या दिवाळीची गोष्ट. आम्ही कामोठ्याचे रहिवासी; संध्याकाळी मानसरोवर स्टेशनावर उतरायचे आणि पिशवी सावरीत घराची वाट धरायची, एवढाच आमचा रोजचा पराक्रम. परंतु दिवाळीला एकमेकांकडे फराळाला जाण्याची चाल आमच्या सोसायटीत अजून टिकून आहे. चकली-चिवड्याची बशी पुढे आली, की पाठोपाठ सिनेमाचा विषय येतो. कोणी काय पाहिले, कसे वाटले, अशा गप्पा रंगतात. या गप्पा मला मनापासून आवडतात. म्हणूनच त्यांच्याविषयीची ही तक्रार.

त्या रविवारी एका नव्या मराठी चित्रपटाचे नाव निघाले. तो लागून अवघे तीन दिवस झाले होते. शेजारचे गृहस्थ करंजी मोडीत म्हणाले, "काही दम नाही हो. फार स्लो आहे." झाले! आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. एवढ्यावर थांबतो तर बरे होते. पण दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये बेलापूर येईपर्यंत मी तेच मत आणखी तिघांना ऐकवले, आणि तेही स्वतःचे असल्याच्या थाटात!

मंगळवारी समोरच्या काकू तो चित्रपट पाहून आल्या. "कसा आहे?" असे विचारताच म्हणाल्या, "चांगला की वाईट, ते मला नाही बाई सांगता यायचं. पण सून रडत असते आणि सासू पाठ करून भाजी निवडत बसते ना, तिथं मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्या दुष्ट नव्हत्या हो. त्यांना दोन शब्द बोलायला कधी जमलंच नाही."

बुधवारी मी तिकिटाची चौकशी केली. पनवेलला सकाळी पावणेअकराचा एकच खेळ उरला होता. नोकरदाराने त्या वेळी सिनेमाला कसे जावे? शुक्रवारी तोही निघाला. मी शेजाऱ्यांना गाठून विचारले, "तुम्हांला तो नेमका कुठे संथ वाटला?" ते अगदी निर्मळपणे म्हणाले, "मी कुठे पाहिला? आमचा मेहुणा म्हणत होता." मेहुण्यानेही पाहिला नव्हता, त्याने कचेरीत ऐकले होते!

असली ऐकीव मते पूर्वी नव्हती काय? होती. पण तेव्हा चित्रपटाला आयुष्य होते. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' १९३६ साली लागला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. अनंत माने यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात शंभराहून अधिक आठवडे राहिला. एवढ्या अवधीत एकाचे उडते मत दुसऱ्याच्या खऱ्या अनुभवाने खोडले जाई. आज शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावर पुढचे खेळ ठरतात. म्हणजे शिक्षा आधी आणि साक्षीपुरावा नंतर! २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळावी म्हणून केवढे वादंग माजले! सरकार फार तर पडदा मिळवून देईल. समोरच्या खुर्च्या कोणी भरायच्या?

आता तुम्ही म्हणाल, मग सिनेमाविषयी फक्त समीक्षकांनीच बोलावे की काय? मुळीच नाही! २०२३ साली 'बाईपण भारी देवा' चालला, तो बायकांनी बायकांना सांगितल्यामुळे. त्या स्वतः पाहून आल्या, मग बहिणींना आणि मैत्रिणींना घेऊन गेल्या. सामान्य माणसाच्या शब्दाची ही ताकद आहे, म्हणूनच तो जपून वापरायला हवा.

मराठी म्हणून गोडच बोला, असेही मी म्हणत नाही. पाहून कंटाळा आला असेल तर खुशाल सांगा. पण कुठे आला, का आला, तेही सांगा. 'टाइमपास', 'पैसा वसूल', 'स्लो' ही मते नव्हेत, हे शिक्के आहेत. 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीकडे परत यायला अर्धे शतक लागले. तो आणला 'श्वास'ने, २००४ साली. शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार, म्हणून त्याआधी त्याला डोळे भरून जग दाखवू पाहणाऱ्या आजोबांची ती कथा. तिच्यावर 'स्लो' हा शिक्का मारून पाहा बरे! आणि ते कोटींचे आकडे? तो गल्ला निर्मात्याच्या घरी गेला. तुमच्या घरी काय आले, ते सांगा. काकूंच्या घरी त्यांच्या सासूबाई परत आल्या होत्या.

यंदाही फराळ होईल, गप्पा होतील. त्या व्हायलाच हव्यात. फक्त आमच्या घरी एक प्रश्न आधी विचारला जाईल: "आपण पाहिलात काय?" नसेल, तर 'नाही पाहिला' म्हणावे, त्यात कमीपणा कसला? आणि लोकलमधल्या त्या तीन सहप्रवाशांच्या हाती हा अंक पडलाच, तर त्यांना माझी कबुली: मी तो चित्रपट पाहिला नव्हता.