शिट्टी हातात दिल्यानंतर

पंच परीक्षा लेखी होते, तोंडी होते, प्रात्यक्षिकही होते. निकाल लागतो, प्रमाणपत्र हाती पडते आणि नवा पंच स्पर्धांच्या यादीत जातो. त्यानंतर तो मैदानावर कसा उभा राहतो, कुठे गडबडतो, पुढच्या वर्षी सुधारला की नाही, याचा माग आपण फार क्वचित ठेवतो. खेळाडूवर रोज प्रशिक्षकाची नजर हवी हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पंचाच्या हाती मात्र एकदा शिट्टी दिली की तो कायमचा तयार झाला, असे आपण धरून चालतो. कबड्डीतल्या पंचगिरीचे मोठे दुखणे या समजुतीत आहे, असे आम्हाला वाटते. परीक्षेत नियम पाठ आहेत का ते कळते. ते नियम धावत्या खेळात डोळ्यांना दिसतात का, ते कळत नाही. पंच घडतो चालू सामन्यात. त्याला शिकवायचे, सांभाळायचे आणि जोखायचे तेही तिथेच.

बोनसचेच पाहा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे पडला आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत असला, तर बोनस. उत्तरपत्रिकेत हे कुणीही लिहील. पण पंच मध्यरेषेजवळच रेंगाळला, तर बोनस रेषा त्याला तिरकी दिसते आणि रेषेवर पडलेला पाय रेषेपलीकडे पडल्यासारखा वाटतो. नेमके दिसायला हवे असेल तर चढाईपटूबरोबर बाजूच्या रेषेने पुढे सरकायला हवे. तेवढ्यात पकड झाली, सात जणांच्या ढिगाऱ्यातून एक हात मध्यरेषेकडे सरपटू लागला, की तेच अंतर उलटे कापून रेषेच्या सरळ नजरेत यायला हवे. हे पुढे-मागे सरकणे पुस्तकातून येत नाही. दहा चढायांनंतर कुणीतरी शेजारी येऊन ‘तुम्ही दोन पावले मागे राहिलात’ असे सांगितले, तरच ते अंगवळणी पडते. म्हणून मूल्यमापनात ‘निर्णय बरोबर की चूक’ याच्या आधी ‘निर्णय देताना पंच कुठे होता’ हा रकाना हवा. चुकीच्या जागेवरून दिलेला बरोबर निर्णय हा नशिबाचा भाग असतो. योग्य जागेवर उभे राहूनही एखादा निर्णय चुकला, तर तो पंच पुढच्या वेळी दुरुस्त होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. आज आपण उलट करतो. तक्रार आली की पंच वाईट, तक्रार नाही म्हणजे पंच चांगला.

दुसरी चूक आपण पातळी ठरवताना करतो. अनुभवी पंच मॅटवरच्या अंतिम सामन्याला, आणि नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला पंच सकाळच्या पहिल्या फेरीला, कडेच्या मातीच्या मैदानावर, ही वाटणी ठरून गेलेली आहे. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्या कडेच्या मैदानावर त्याला एकटे सोडणे. तिथे फक्कीची रेषा थोड्याच चढायांत पुसट होते, प्रेक्षक रेषेला खेटून उभे असतात, कॅमेरा नसतो, आणि दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच तालुक्यातले असतात. मॅटवर रेषा स्पष्ट असते, मोठ्या सामन्यात हाताखाली जाणते गुणलेखक असतात आणि व्यावसायिक स्पर्धेत दाद मागायला चित्रफीतही असते. म्हणजे सर्वांत अवघड परिस्थितीत आपण सर्वांत कच्चा पंच उभा करतो, तोही कुणाच्या देखरेखीविना. अशा पंचाकडून पहिल्या हंगामात अपेक्षा मोजक्याच असाव्यात. शिट्टी वेळेवर आणि ठाम वाजावी, खुणा स्पष्ट असाव्यात, तीस सेकंदांचे आणि बाद खेळाडूंच्या क्रमाचे भान असावे, आणि धोकादायक पकड दिसताच खेळ थांबवावा. पाच-सात वर्षे काम केलेल्या पंचाला हेच विचारणे म्हणजे त्याचा वेळ दवडणे. पहिल्या डावात जो स्पर्श त्याने दिला, तसाच स्पर्श शेवटच्या मिनिटाला, गुण बरोबरीत असताना तो देतो का, हे त्याच्याबाबतीत पाहायचे. आणि सरपंचाकडून, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाकडून, त्याहून वेगळे: दोन पंचांत मतभेद झाला तर तो किती लवकर, किती शांतपणे मिटवतो, कार्ड कधी दाखवतो आणि कधी नजरेनेच काम भागवतो.

देखरेख लागते कारण माणसाचे कान डोळ्यांवर परिणाम करतात. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या ४० पात्र पंचांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवल्या; काहींना प्रेक्षकांच्या गलक्यासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. हे पंच अप्रामाणिक नव्हते. गलका त्यांच्या निर्णयात शिरला आणि त्यांना ते कळलेही नाही. गावच्या मैदानात, जिथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, तिथे हा दबाव आपल्या पंचांवर येत नसेल असे मानायला आधार नाही. स्वतःला न जाणवणारी चूक स्वतः सुधारता येत नाही. ती बाहेरून कुणीतरी दाखवावी लागते, तीही सामना संपल्या संपल्या, प्रसंग ताजा असताना.

वरच्या पातळीवर हे प्रश्न संपतात असेही नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर असताना पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्या पाठोपाठ इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाप्रमाणे तेही बाद, नव्या नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. निर्णय पुन्हा पुन्हा बदलला, खेळ सुमारे तासभर थांबला आणि अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. आपण जिंकलो म्हणून तो तास विसरून चालणार नाही. मैदानावरच्या एकाही पंचाला नियम येत नव्हते असे नाही; कोणता नियम लागू, यावर सगळ्यांचे आधीपासून एकमत नव्हते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सर्व पंचांनी एकत्र बसून अशा चार-पाच प्रसंगांची चित्रफीत पाहणे, आणि या स्पर्धेत याचा निकाल असा, हे ठरवून उठणे, एवढी शिस्त जिल्हा स्पर्धेपासून हवी. खेळाडू व्यावसायिक स्पर्धेचे नियम पाहत वाढतो आणि पंच वेगळे नियम धरून उभा राहतो, ही परिस्थिती आता नेहमीची होणार आहे.

यावर पहिला आक्षेप माणसांचा आणि पैशांचा. पंचच पुरत नाहीत, निरीक्षक कुठून आणायचे? निवृत्त पंच प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यातले कित्येक स्पर्धेला हौसेने येतात आणि व्यासपीठावर सत्कार घेऊन बसतात. त्यांची खुर्ची मैदान क्रमांक तीनच्या बाजूच्या रेषेला मांडावी, एवढेच मागणे आहे. दिवसाला तीन सामने पाहिले तरी पुष्कळ. कॅमेरा आला की हे सगळे आपोआप होईल, असेही काही जण म्हणतात. कॅमेरा निर्णय दुरुस्त करतो. पंच दुरुस्त करायला ती चित्रफीत त्याच्याबरोबर बसून पाहणारा माणूस लागतो.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो आम्ही गांभीर्याने घेतो. आपल्या संघटनांमध्ये गट आहेत. लेखी शेरा हातात आला की तो नकोसा पंच यादीतून काढायला वापरला जाईल, ही भीती पोकळ नाही. पण आजही पंच यादीतून निघतातच. कारण मात्र कागदावर नसते, म्हणून त्यांना उत्तरही देता येत नाही. वापर वाईट होऊ नये यासाठी नियम घालता येतील. जो पंचाला शिकवतो, त्याने त्याची निवड करू नये. निवडीसाठीचे निरीक्षण एका हंगामात निदान दोन वेगळ्या व्यक्तींनी, वेगळ्या स्पर्धांत करावे. शेऱ्यात ‘कमकुवत’, ‘चांगला’ असे शब्द नकोत. ‘दुसऱ्या डावात तीन बोनस चढायांच्या वेळी मध्यरेषेजवळ उभे होते’ असे दिसलेले लिहावे. आणि कागद आधी पंचाच्या हातात द्यावा, खाली त्याचे म्हणणे लिहायला तेवढीच जागा ठेवून. ज्येष्ठांना हा अपमान वाटतो, हेही ऐकू येते. त्यांनीच आपल्या सामन्याला निरीक्षक मागितला, तर नव्यांना तो वाटणार नाही.

येत्या हंगामात जिल्हा संघटनांनी किशोर आणि कुमार गटाच्या पहिल्या फेरीपासून सुरुवात करावी, कारण नवे पंच तिथेच उभे असतात. निरीक्षणाचा एका पानाचा नमुना आम्ही या अंकाच्या शेवटच्या पानावर देत आहोत. पहिला रकाना पंचाच्या जागेचा आहे, शेवटचा त्याच्या उत्तराचा. वापरून पाहिल्यावर कोणता रकाना निरुपयोगी ठरला, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.