समुद्रगायीचे राखणदार कोण?

तंजावर जिल्ह्यात मल्लिपट्टिनमजवळ सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांनी १८१४ साली नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी एक मनोरा बांधला. तमिळ जनता आजही त्याला 'मनोरा' याच नावाने ओळखते. परक्या सत्तेच्या विजयाचे हे स्मारक पाल्कच्या ज्या उपसागराकडे पाहत उभे आहे, त्याच उपसागरात आज एका मुक्या प्राण्याच्या जगण्यामरण्याचा प्रश्न उभा आहे. तो प्राणी म्हणजे ड्युगाँग, अर्थात समुद्रगाय.

समुद्री गवतावर जगणारा हा सस्तन प्राणी. श्वासासाठी त्याला दर काही मिनिटांनी पाण्यावर यावे लागते. जाळ्यात अडकला की तो गुदमरून मरतो. मादी कित्येक वर्षांच्या अंतराने एकच पिल्लू देते, त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही. सरकारी अंदाजानुसार भारतीय समुद्रात सुमारे २४० समुद्रगायी उरल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या शिकारीवर बंदी असूनही मांसासाठी त्यांची चोरटी कत्तल होत आली.

सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने तंजावर व पुदुकोट्टै जिल्ह्यांलगतचे ४४८ चौरस किलोमीटर समुद्रक्षेत्र समुद्रगायीसाठी राखीव केले. देशातील हे अशा प्रकारचे पहिलेच क्षेत्र. २०२५ मध्ये अबू धाबी येथील जागतिक निसर्ग संरक्षण परिषदेनेही त्याची दखल घेतली. या निर्णयाचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु केवळ अधिसूचना काढून समुद्राची राखण होत नाही.

समुद्रतळ खरवडून गवताची कुरणे उद्ध्वस्त करतात ती ट्रॉलरची जाळी. निर्यातीच्या कोळंबीमागे लागलेल्या भांडवलाने ही जाळी किनाऱ्यापर्यंत आणून भिडविली. तमिळनाडूच्या १९८३ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने किनाऱ्यालगतचे तीन सागरी मैल यांत्रिक नौकांना वर्ज्य केले आहेत. दोन ट्रॉलरांनी मिळून एकच जाळे ओढण्यासही मनाई आहे. तरीही हे नियम सर्रास मोडले जातात. पाल्कच्या समुद्रातून चालणाऱ्या समुद्रकाकडीच्या तस्करीचीही तीच तऱ्हा. २००१ पासून बंदी असलेला हा माल चोरून श्रीलंकेकडे जातो. धरपकडीत सापडतो तो बहुधा होडी हाकणारा. त्यात पैसा गुंतविणारा व्यापारी नामानिराळाच राहतो.

याउलट, जाळ्यात सापडलेली समुद्रगाय पारंपरिक मच्छीमारांनी स्वतःचे जाळे कापून समुद्रात सोडल्याच्या घटना याच किनाऱ्यावर वारंवार घडल्या आहेत. ज्याचे जाळे हीच त्याची सारी मालमत्ता, त्याने ती कापावी, याहून मोठे संरक्षण कोणते? म्हणूनच मच्छीमाराला संशयित मानून चालणारे संरक्षण टिकणार नाही.

गोव्याच्या रापणकारांनी सत्तरच्या दशकात लढा देऊन किनाऱ्यालगतच्या पाण्यावरील आपला हक्क मान्य करून घेतला. समुद्र वाचविण्याची लढाई आणि कष्टकऱ्यांच्या पोटाची लढाई या दोन वेगळ्या नाहीत, हेच त्या लढ्याने दाखवून दिले.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. तीन सागरी मैलांच्या नियमाची कठोर अंमलबजावणी व्हावी. कापलेल्या जाळ्याची पूर्ण भरपाई विनाविलंब हाती पडावी. तस्करीच्या खटल्यांत मालाच्या खऱ्या धन्यांना आरोपी करावे. राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापनात ग्रामपंचायतींबरोबरच मच्छीमार स्त्रीपुरुषांच्या संघटनांनाही निर्णायक स्थान द्यावे. समुद्रगाय जगेल ती या किनाऱ्यावरील श्रमिकांच्या बळावरच!