शेतकऱ्याचा वाण आणि अर्जाची मुदत

एन-५३ व एन-२-४-१ ही नावे नाशिक जिल्ह्यात कांदा पिकविणाऱ्या प्रत्येक घरात परिचित आहेत. पहिला वाण खरिपाच्या पोळ कांद्याचा, दुसरा उन्हाळ कांद्याचा. संशोधन केंद्रांवर ते निवड पद्धतीने सिद्ध झाले खरे. परंतु ती निवड ज्या कांद्यातून झाली तो नाशिकचा स्थानिक कांदा होता. पिढ्यान्‌पिढ्या उत्तम कांदे बाजूला काढून, त्यांचे डेंगळे लावून, बी धरणाऱ्या शेतकऱ्यांचे श्रम त्याच्या मुळाशी होते. त्या शेतकऱ्यांची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत.

द्राक्षांची कथा याहून निराळी नाही. तास-ए-गणेश हा वाण सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात व सोनाका हा सोलापूर जिल्ह्यात बागाईतदारांच्या चौकस नजरेतून निपजला. थॉमसन सीडलेसच्या मांडवात एखादी काडी निराळी दिसली, तिची कलमे बांधली गेली, आणि पुढे ती कलमे सर्व द्राक्षपट्ट्यात पोहोचली. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या भाताच्या खाचरात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या व त्यांपासून एच.एम.टी. हा भात सिद्ध केला. त्यांच्याकडून १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने बियाणे नेले, आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एच.एम.टी.’ या नावाने वाण प्रसारित झाला. त्या काळी शेतकऱ्याने आपला हक्क कोठे व कसा मांडावा याची तरतूद देशात नव्हती.

आज ती आहे. पिकांचे वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ साली संमत झाला आणि २००५ मध्ये त्याचे प्राधिकरण स्थापन झाले. या कायद्याने शेतकऱ्यास बी राखणारा म्हणून तसेच वाण निर्माण करणारा म्हणूनही मान्यता दिली. नोंदणी झालेल्या वाणास वेली व वृक्षांच्या बाबतीत अठरा वर्षे व इतर पिकांच्या बाबतीत पंधरा वर्षेपर्यंत संरक्षण मिळू शकते. परंतु हक्क आपण होऊन चालत येत नाही. तो अर्जाने मिळतो, आणि अर्जास मुदत असते. नेमके येथेच गाव मागे पडते.

मुदतीचा नियम नीट समजून घेतला पाहिजे. नवीन वाण म्हणून नोंदणी हवी असेल, तर अर्जाच्या दिवसापूर्वी एक वर्षाहून अधिक काळ त्या वाणाची भारतात विक्री झालेली असता कामा नये. विक्री म्हणजे केवळ बियाण्याची किंवा कलमांची विक्री नव्हे. वाणाचा लाभ घेण्यासाठी त्याचे पीक विकले तरी घड्याळ सुरू होते. चाचणीसाठी लावलेला वाण विकला नसेल तर त्याने बाध येत नाही. कंपनीस हे सोपे आहे. तिच्या दफ्तरी पहिल्या विक्रीची तारीख असते व अर्ज लिहिणारा माणूसही असतो. द्राक्ष बागाईतदाराची गोष्ट वेगळी. निराळ्या काडीची कलमे बांधून पहिला माल हाती येण्यास दीड-दोन वर्षे लागतात, आणि वाण खरा की खोटा हे त्याला बाजारात पेटी उघडल्यावाचून कळत नाही. त्याची परीक्षा जेथे सुरू होते, तेथेच त्याची मुदत संपू लागते. नियम लिहिताना बियाणे कंपनीचे दफ्तर डोळ्यांपुढे होते, बागाईतदाराचा मांडव नव्हता, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

परंपरेने चालत आलेल्या वाणास, म्हणजे ज्यास कायदा ‘शेतकऱ्यांचा वाण’ म्हणतो त्यास, नावीन्याची ही अट नाही. तेथे वेगळी मुदत आहे: त्या पिकाची अधिसूचना निघाल्यापासून ती मोजली जाते. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांतील भाताच्या जुन्या जाती याच वर्गात येतील. आपल्या पिकासाठी ती मुदत किती उरली आहे, हे अर्ज भरावयास बसण्यापूर्वीच प्राधिकरणाकडे विचारून घ्यावे.

अर्जात वाणाचा वेगळेपणा, एकसमानता व स्थैर्य दाखवावे लागते. कांद्याच्या बाबतीत हे बोलण्याइतके सोपे नाही. कांद्यात मधमाश्या परागसिंचन करतात. शेजारच्या वावरातील डेंगळे फुलोऱ्यावर असतील तर आपल्या चाळीतून निवडलेला उत्तम कांदाही पुढच्या पिढीत सरमिसळ होतो. शिवाय एका पिढीस दोन हंगाम लागतात: एका हंगामात कांदा, दुसऱ्या हंगामात बी. म्हणून डेंगळ्यांचा तुकडा दूर ठेवणे, निवड केव्हा व कशी केली याची वही राखणे, बी कोणास केव्हा दिले ते तारखेनिशी लिहिणे, ही कामे अर्जाच्या कितीतरी वर्षे अगोदर सुरू झाली पाहिजेत. आयत्या वेळी केलेली वही कोणासही फसवू शकत नाही.

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. या कायद्याखालील कामकाजात शेतकऱ्यास, शेतकऱ्यांच्या गटास किंवा गावसमाजास शुल्क पडत नाही. शेतकऱ्यांच्या वाणाच्या अर्जावर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची, जिल्हा कृषी अधिकाऱ्याची किंवा कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकांची शिफारस चालते. आदिवासी भागात जिल्हा आदिवासी विकास अधिकाऱ्याचीही चालते. म्हणजे सही गावातच मिळू शकते. अनेक गावांत ही समिती कागदावरच असते, ही गोष्ट वेगळी. ती बैठकीस बसविणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम आहे.

याहून महत्त्वाची एक मुदत आहे, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. दुसऱ्या कोणी अर्ज केला व तो स्वीकारला गेला, म्हणजे त्याची जाहिरात प्राधिकरणाच्या नियतकालिकात येते. तेव्हापासून तीन महिन्यांच्या आत हरकत घेता येते. येवल्याच्या एखाद्या घराने राखलेला कांदा उद्या दुसऱ्याच्या नावाने नोंदला जात असेल, तर त्या घरास बोलण्याची हीच वेळ. परंतु ते नियतकालिक हिंदी व इंग्रजीत निघते, आणि ते गावात येत नाही. ज्यास हरकत घ्यावयाची त्याच्यापर्यंत जाहिरातच पोहोचत नसेल, तर तीन महिने दिले काय अन् तीन वर्षे दिली काय, सारखेच.

तेव्हा तालुका कृषी कार्यालयाने दरमहा ही जाहिरात पाहावी. कांदा, द्राक्ष, भात व गहू यांचे जे अर्ज असतील त्यांचा मराठी गोषवारा करावा, आणि तो हरकतीच्या शेवटच्या तारखेसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. यास नवा कायदा लागत नाही, नवे अनुदानही लागत नाही. मात्र मार्च-एप्रिलात, उन्हाळ कांद्याची काढणी व चाळ भरण्याची घाई चालू असताना, फलकावर लावलेला कागद कोणी वाचणार नाही. त्या दोन महिन्यांत कार्यकर्त्याने तो कागद घेऊन स्वतः खळ्यावर गेले पाहिजे.