सहा टक्क्यांची नवरी

हिंदमाताच्या एका दुकानात, पांढऱ्या गादीवर मांडी घालून, आईने माझ्या लग्नाच्या साडीसाठी चाळीस मिनिटं घासाघीस केली. सेमी पैठणी, सुरतेची. ३,२०० सांगितली होती, २,६०० ला आली. दोनदा आम्ही उठून चपला घातल्या, दोनदा दुकानदाराने परत बोलावलं.

मग त्याच गादीवर, त्याच दुकानदाराकडून, आम्ही सासरकडच्या बायकांसाठी मानपानाच्या २२ साड्या घेतल्या. विहीणबाईंची साडी ५,५०० ची. आईने ती उलटून पाहिली, काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही बाजूला ठेवा." भाव कमी करायचा विषयच नाही.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "त्यांच्या साडीला का नाही घासाघीस केलीस?"

"मानाची साडी आहे ती. मानाच्या साडीत पैसे वाचवायचे नसतात."

"आणि माझ्या?"

"तुझी काय, तू घरचीच."

हा लेख त्या 'तू घरचीच'बद्दल आहे.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी: हिंदमाता म्हणजे दादर टीटीकडून परळकडे जाताना डॉ. आंबेडकर मार्गावर लागणारा कपड्यांचा बाजार. तुम्ही तो बातम्यांत पाहिला असेल, दर पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात. बाकीचे आठ महिने तिथे लग्नं उभी राहतात. परळ-लालबागच्या चाळींतल्या कित्येक मुलींचा बस्ता इथलाच. मी इथेच वाढले. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर ते कधीच साच्यावर परत गेले नाहीत. आज त्या गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि हिंदमाताच्या गादीवर सुरतेचं कापड. मी त्यांतल्याच एका टॉवरमध्ये सॉफ्टवेअर लिहिते.

लग्न ठरलं तेव्हा मी इंजिनिअर करतो तेच केलं. शीट उघडली.

सगळे म्हणत होते, हुशारीने केलंस तर लग्न बजेटमध्ये बसतं. इन्स्टाग्रामवर तर रोज एक नवी नवरी शिकवते: 'पाच हजारांत ब्रायडल लूक', 'फुलांवर अर्धे पैसे कसे वाचवाल', 'पत्रिका स्वतः डिझाइन करा'. मी सगळं मन लावून पाहिलं आणि केलंही. पहाटे साडेचारला दादरच्या फूलबाजारात गेले. शेवंती आणि झेंडू किलोने विचारले, निशिगंधाचा भाव काढला. मुहूर्ताच्या दिवशी भाव कुठल्या कुठे जातात हे कळलं. गिरगावात खाडिलकर रोडवर, पत्रिकांच्या गल्लीत, एक अख्खा शनिवार घालवला. कार्डाचा भाव वेगळा, छपाईचा वेगळा. शंभर छापा नाहीतर दोनशे, छपाईच्या पैशांत फार फरक पडत नाही, हेही शिकले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची पत्रिका स्वतः बनवली. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

मग एका रात्री शीटच्या तळाशी बेरीज केली.

हॉल १,७५,०००. जेवण ४५० पानं, ९०० रुपये पान, म्हणजे ४,०५,०००. सोनं ३,६०,०००. मानपान आणि आहेर १,४०,०००. फोटो-व्हिडिओ १,१०,०००. मुलाकडच्यांची बस आणि राहण्याची सोय ६०,०००. माझ्या साड्या, ब्लाउजची शिलाई, मेकअप ४२,०००. फुलं २५,०००. पत्रिका १३,०००.

एकूण १३,३०,०००.

यातल्या शेवटच्या तीन ओळींवर, म्हणजे साडी, फुलं आणि पत्रिकांवर, मी दोन महिने झटत होते. त्या तिन्हींची बेरीज ८०,०००. एकूण खर्चाच्या सहा टक्के.

आमच्या धंद्यात अ‍ॅमडालचा नियम म्हणून एक गोष्ट शिकवतात. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणक अभियंत्याने मांडलेली. साधा अर्थ असा: प्रोग्रामचा जो भाग एकूण वेळेच्या सहा टक्केच खातो, तो तुम्ही कितीही वेगवान केलात, अगदी शून्यावर आणलात, तरी एकूण वेळ सहा टक्क्यांपेक्षा जास्त वाचणार नाही. म्हणून आधी मोजा, वेळ कुठे जातोय ते शोधा आणि मग हात घाला. नवा पोरगा उगाच लहानशा फंक्शनवर आठवडा घालवत बसला तर आम्ही त्याला हसतो.

मी तेच करत होते. समजा मी जीव तोडून त्या तिन्हींत पाव हिस्सा वाचवला, तर वाचले २०,०००. म्हणजे एकूण खर्चाच्या दीड टक्का. त्याच शीटमध्ये जेवणाची शंभर पानं कमी केली असती तर ९०,००० वाचले असते. माझ्या साड्या, फुलं, पत्रिका, सगळं मिळून होतं त्याहून जास्त.

मग मी त्या तीनच ओळींवर का अडकले होते? कारण बाकीच्या ओळींना हात लावायची मला परवानगी नव्हती.

हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण हॉल कुठला हे मुलाकडचे आणि बाबा यांच्या बैठकीत ठरलं. किती माणसं, तेही. मानपानाची यादी सासरच्या मोठ्या आत्यांनी फोनवर आईला सांगितली, 'आमच्यात असं असतं' या तीन शब्दांत. सोन्याचं दोन्ही आयांनी ठरवलं. उरलं काय? साडीचा रंग, हाराची फुलं, पत्रिकेचा फॉन्ट. एवढं माझ्या हातात दिलं आणि वर सांगितलं, बघ हं, बजेट सांभाळ. खर्च करायचा अधिकार त्यांचा, काटकसर करायची जबाबदारी माझी.

'बजेट ब्रायड' हे जे कौतुक चाललंय, त्यावर माझा आक्षेप हाच आहे. ते मुलीला हुशार ठरवतं आणि हिशेबापासून लांब ठेवतं. तिची सगळी अक्कल गजऱ्याच्या पाच-दहा रुपयांवर खर्च होते. दादर स्टेशनबाहेर गजरे विकणाऱ्या बाईकडून आपण दहा रुपये कमी करून घेतो. तो मोगरा पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगडकडून येतो. पहाटेच्या अंधारात कळ्या खुडणाऱ्या आदिवासी बायकांपासून गजरेवालीपर्यंत या साखळीत श्रीमंत कुणीच नाही. तिथे आम्ही खमक्या होतो. आणि ज्या ओळीत चार लाख आहेत तिथे? तिथे मान खाली.

आता त्या वाक्याकडे येते, जे मराठी घरांत हुंड्याची जागा घेऊन बसलंय: "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या."

किती सज्जन वाक्य आहे. 'करून द्या' या क्रियापदाकडे नीट पाहा. कुणी कुणाला करून द्यायचं? लग्न दोघांचं. तो इंजिनिअर, मी इंजिनिअर, पगारात एकोणीस-वीसचा फरक. पण एका घराने करायचं आणि दुसऱ्या घराने यायचं. आणि 'चांगलं' म्हणजे किती, हे येणारे ठरवणार.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. हुंडा देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा. न मागता, रीतीप्रमाणे दिलेल्या भेटींना त्यात सूट आहे, पण अटी आहेत: त्या देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरच्या नसाव्यात आणि त्यांची यादी ठेवायला हवी. १९८५ च्या नियमांत ती यादी कशी असावी तेही लिहिलंय. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, त्याचं नातं, आणि खाली वधू-वरांच्या सह्या. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं. आमच्याकडे यादी होती, मानपानाची, पण ती द्यायच्या आधीच आलेली. दिल्यानंतरची, किमतीसकट, दोघांच्या सहीची यादी माझ्या ओळखीच्या एकाही घरात नाही.

आणि हॉल, पानं, बस? ती भेट कुणाला म्हणायची? चार तासांत खाऊन संपते, म्हणून तिला कुणी हुंडा म्हणत नाही. पण पैसे एकाच खिशातून जातात. आमच्या घरी तो खिसा म्हणजे बाबांचा प्रॉव्हिडंट फंड. लग्नासाठी त्यातून पैसे काढता येतात आणि बाबांनी अर्ज भरून ठेवला होता. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. फॉर्म मला दिसला तो टीव्हीखालच्या खणात, वीजबिलांखाली.

बाबांशी वाद घातला. त्यांचं म्हणणं इथे नीट मांडायला हवं, कारण ते पोकळ नव्हतं. ते म्हणाले, "चाळीतल्या प्रत्येक घरात मी जेवून आलोय. संपात घरात काही नसायचं तेव्हा आजूबाजूच्या बिऱ्हाडांनी आम्हा भावंडांना वाढलंय. त्यांना बोलवायचं नाही? वाचलेल्या पैशांचं मी काय करू?"

याला अ‍ॅमडालकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नव्हतं. लग्नातली पंगत म्हणजे नुसता दिखावा असं म्हणणाऱ्यांना चाळ माहीत नाही. पण मी यादी काढून बसले. ४५० पैकी चाळीतली आणि आमच्या नात्यातली माणसं १७०. उरलेली २८० मुलाकडची. त्यांतल्या कुणीही बाबांना कधी वाढलेलं नाही.

"बाबा, तुमची १७० माणसं तुम्ही जेवू घाला. त्या २८० चं काय?"

ते गप्प बसले.

लग्न लागायला खरंच किती लागतं, हे आपल्या राज्याने एकदा दाखवून दिलंय. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत नियम आला होता: एकच हॉल, दोन तास, जास्तीत जास्त २५ माणसं. त्या वेळी लग्न केलेली जोडपी आपल्याइतकीच विवाहित आहेत. विशेष विवाह कायद्याने, १९५४ च्या, तर ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात. त्याही आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय, कमी खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. तिथे काटकसर ही नवरीची कला नव्हती. ती समाजाने मिळून घेतलेली भूमिका होती. दीडशे वर्षांनी आपण ती भूमिका मोडीत काढली आणि नवरीच्या हातात डिस्काउंट कूपन दिलं.

कुणी म्हणेल, ज्या मुलीकडे खरंच पैसे नाहीत तिला या टिप्स उपयोगी पडतात. पडतात. भाड्याचा शालू, मैत्रिणीने काढलेली मेंदी, यात कमीपणा काही नाही. माझी तक्रार स्वस्त साडीबद्दल नाहीच. २,६०० ची ती साडी मला मनापासून आवडते. तक्रार एवढीच की शीटमध्ये सगळे रकाने होते. वस्तू, नग, दर, अ‍ॅडव्हान्स, बाकी. 'कोण देणार' हा रकाना नव्हता. मी स्वतः बनवलेल्या शीटमध्ये नव्हता. मलाही तो सुचला नाही, इतकं उत्तर गृहीत होतं.

मी तो रकाना टाकला आणि शीट होणाऱ्या नवऱ्याला पाठवली.

त्याचा फोन आला. "अगं, पण आम्ही तर काहीच मागितलं नाही."

"माहितीये. म्हणूनच विचारतेय. त्या २८० पानांसमोर कुणाचं नाव लिहू?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी कधी आकडाच पाहिला नव्हता." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याला कुणी पाहायला लावलंच नव्हतं. मी मोगऱ्याचा भाव काढत होते तेव्हा तो शेरवानीची ट्रायल देत होता.

पुढचे तीन आठवडे चांगले गेले नाहीत. 'मुलगी हिशेबी आहे' हे वाक्य फिरत फिरत आमच्या घरापर्यंत आलं. मोठ्या आत्या अजून माझ्याशी मोजकं बोलतात. पण त्यांची यादी २८० वरून १३० वर आली. जेवताना कुणाचं पोट भरतंय हे कळलं की नावं आपोआप गळतात. हॉलचं भाडं निम्मं-निम्मं. त्यांची पानं आणि त्यांची बस त्यांच्याकडे. सोनं मी माझ्या पगारातून घेतलं, जेवढं झेपलं तेवढंच. मानपानाच्या साड्या घेऊन झाल्या होत्या, त्या दिल्या. बाबांचा अर्ज अजून खणातच आहे, पाठवलेला नाही.

शीट शेवटची तपासताना आणखी एक गोष्ट दिसली. २२ बायकांच्या साड्या होत्या. माझ्या होत्या. आईच्या साडीची ओळच नव्हती. विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडे आहे की. चुलतभावाच्या लग्नातली. कोण बघतंय मला?"

आम्ही परत हिंदमाताला गेलो. त्याच गादीवर बसलो. आईने सवयीने तोंड उघडलं, "शेवटचा भाव सांगा." मी तिचा हात दाबला आणि फोन काढून पैसे दिले. घरी येईपर्यंत ती चिडलेली होती, तीनशे रुपये तरी सुटले असते म्हणून.

तुमच्यापैकी कुणाचं लग्न ठरलं असेल तर फुलं जरूर दादरहून घ्या, पहाटेच जा. पत्रिका खाडिलकर रोडवर पाहा. साडी हिंदमाताला मिळेल, छान मिळेल. पण त्याआधी शीट उघडा, एक रकाना वाढवा, 'कोण देणार'. आणि भरायला ती पहिल्यांदा नवऱ्या मुलाकडे पाठवा.